पोटॅशियम चॅनेलची औषधे मूत्राशयाच्या स्नायूवर नेमके काय करतात?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण तासगावला औषधांचे दुकान चालवता. वडील ६८ वर्षांचे आहेत. हृदयासाठी त्यांना नायकोरँडिल १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड आणि गेल्या तीन महिन्यांपासून डापाग्लिफ्लोझिन चालू आहे. रात्री चार वेळा उठावे लागते, लघवीची घाई आवरत नाही आणि सोनोग्राफीत प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली दिसली आहे. नायकोरँडिल हे पोटॅशियम चॅनेल, म्हणजे पेशीपटलातली पोटॅशियमची दारे, उघडणारे औषध आहे आणि अशी औषधे मूत्राशयाचा स्नायू सैल करतात, असे आपल्या वाचनात आले. त्यावरून आपण विचारले आहे की नायकोरँडिलमुळे लघवी तुंबू शकते का, ग्लिमेपिराइड तेच चॅनेल बंद करत असल्याने मूत्राशय उलट चिडते का, आणि ही औषधे स्नायूला खरोखर शांत करत असतील तर घाईच्या रुग्णांसाठी त्यांची गोळी बाजारात का नाही. शेवटी जाता जाता आपण लिहिले आहे की एका परिचिताने टॅमसुलोसिन आणि टॅडालाफिल एकत्र असलेली गोळी सुचवली आहे, ती सुरू करावी का.

त्या शेवटच्या ओळीचे उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळे सावकाश वाचले तरी चालेल. ती गोळी वडिलांना देऊ नये. नायकोरँडिलच्या रेणूचा एक भाग पोटॅशियम चॅनेल उघडतो आणि दुसरा भाग नायट्रेटसारखा वागतो. सॉर्बिट्रेट हे हृदयाचे नायट्रेट चालू असलेल्या माणसाला आपण टॅडालाफिल देणार नाही, हे आपल्याला पाठ आहे. नायकोरँडिल त्याच रांगेत बसते, पण नावात कुठे ‘नायट्रेट’ दिसत नसल्याने काउंटरवर ते निसटते. नायकोरँडिल आणि टॅडालाफिल दोन्ही रक्तवाहिनीच्या पेशीत सायक्लिक जीएमपी हा स्नायू सैल करणारा संदेशवाहक रेणू वाढवतात आणि एकत्र आली की रक्तदाब एकदम कोसळू शकतो. टॅडालाफिलचा अर्धायुकाल, म्हणजे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला लागणारा वेळ, साडेसतरा तासांचा आहे, त्यामुळे ‘एक सकाळी, एक रात्री’ अशी विभागणी करूनही धोका टळत नाही. नुसते टॅमसुलोसिन हा वेगळा विषय आहे, त्याकडे पुढे येतो.

आता मूळ प्रश्न. सांगलीत मूत्रविकारांचे रुग्ण पाहत मला पंचवीस वर्षे झाली. त्याआधीची तीन वर्षे औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत बोकडाच्या मूत्राशयाच्या पट्ट्या टांगण्यात गेली. तिथे जे डोळ्यांनी दिसले आणि पुढे रुग्णांत जे दिसले नाही, त्या दोहोंतील अंतर हेच आपल्या तिन्ही प्रश्नांचे उत्तर आहे, असे माझे मत आहे.

मूत्राशयाच्या भिंतीतील स्नायूला डेट्रुसर म्हणतात. त्याच्या प्रत्येक पेशीच्या आत पोटॅशियमचे प्रमाण लिटरला सुमारे १४० मिलिमोल असते आणि बाहेर जेमतेम ५. पेशीपटलातून केवळ पोटॅशियमच ये-जा करू शकले असते, तर आतली बाजू बाहेरच्या तुलनेत उणे ८९ मिलिव्होल्टवर जाऊन स्थिरावली असती. प्रत्यक्षात सोडियम, क्लोराइड वगैरे इतर आयनांचीही थोडीफार गळती चालू असते आणि विश्रांतीच्या वेळी पोटॅशियमची फारशी दारे उघडी नसतात, म्हणून डेट्रुसरची पेशी साधारण उणे ४० ते उणे ५० मिलिव्होल्टच्या दरम्यान राहते. ही जागा मोठी अवघड आहे. उणे ४० च्या वर गेले की एल-प्रकारचे कॅल्शियम चॅनेल झपाट्याने उघडू लागतात, कॅल्शियम आत घुसते, व्होल्टेज क्षणात शून्याच्या वर उसळी घेते आणि पेशी आकुंचन पावते. या उसळीलाच आपण अ‍ॅक्शन पोटेन्शियल म्हणतो. मज्जातंतूकडून काहीही आदेश आलेला नसताना अशा उसळ्या स्नायूत अधूनमधून आपोआप येत राहतात. निरोगी मूत्राशयात त्या विखुरलेल्या असल्याने जाणवत नाहीत.

सांगलीकराला हे समजावून सांगायला आयर्विन पूल पुरतो. पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर गेली की धोका. ती पातळी वरून किती पाणी येते आणि खाली किती वाहून जाते या दोहोंवर ठरते, म्हणून दर पावसाळ्यात आपल्याकडे कोयनेच्या दरवाजांइतकीच अलमट्टीच्या विसर्गाचीही चर्चा होते. (अलमट्टीचा आपल्या महापुराशी संबंध किती, हा वाद इथे नको.) डेट्रुसरची पेशी ही कायम इशारा पातळीच्या जरा खाली वाहणारी नदी आहे. कॅल्शियम आणि सोडियम हे वरून येणारे पाणी, पोटॅशियमचे बाहेर जाणे हा खालचा विसर्ग. पोटॅशियम चॅनेल उघडणारे औषध विसर्ग वाढवते आणि पेशीला धोक्याच्या रेषेपासून दूर नेते. चॅनेल बंद करणारे औषध विसर्ग अडवते आणि पेशीला रेषेकडे ढकलते.

विसर्ग किती वाढवावा लागतो, हे पाहिले की आश्चर्य वाटते. या पेशी अतिशय लहान असतात आणि त्यांच्या पटलाचा विद्युतरोध गिगाओहमच्या घरात असतो. रोध एक गिगाओहम धरला तर ओहमच्या साध्या नियमाने केवळ १० पिकोअँपिअरचा जादा प्रवाह व्होल्टेज १० मिलिव्होल्टने खाली आणतो, म्हणजे उणे ४२ वर डळमळणारी पेशी उणे ५२ वर जाऊन शांत बसते. एटीपीवर, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूवर, अवलंबून असलेले पोटॅशियम चॅनेल, ज्यांना के-एटीपी म्हणतात, एका पेशीत काही शेकडे असतात. त्यांतली थोडीशी उघडली तरी एवढा प्रवाह मिळून जातो. जपानचे अकिनोरी नोमा यांनी १९८३ मध्ये हृदयाच्या पेशीत हे चॅनेल प्रथम दाखवले. पेशीत एटीपी भरपूर असताना ते बंद असते आणि ऊर्जा कमी पडली की उघडते. पिनासिडिल, क्रोमाकॅलिम, डायझॉक्साइड, मिनॉक्सिडिल आणि आपले नायकोरँडिल ही औषधे ते एटीपी असतानाही उघडायला लावतात. ग्लिबेनक्लामाइड आणि त्याच्या सल्फोनिलयुरिया कुळातली मधुमेहाची औषधे, ग्लिमेपिराइडसुद्धा, ते बंद करतात.

प्रयोगशाळेत हे कसे दिसते ते सांगतो, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. पहाटे कत्तलखान्यातून बोकडाचे मूत्राशय बर्फाच्या थर्मासमधून आणायचे, आतले अस्तर सोलून काढायचे, वरच्या घुमटातून दोन मिलिमीटर रुंद आणि सेंटिमीटरभर लांब पट्टी कापायची, दोन्ही टोकांना रेशमी दोरा बांधून ती ऑर्गन बाथ नावाच्या काचपात्रात, शरीरद्रवासारख्या क्षारांच्या ३७ अंशांच्या क्रेब्स द्रावणात टांगायची, खालून ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडच्या मिश्रणाचे बुडबुडे सोडायचे, एक ग्रॅमचा ताण द्यायचा आणि दर पंधरा मिनिटांनी द्रावण बदलत तास-दीड तास थांबायचे. नंतर पट्टी स्वतःहून हालू लागते. कागदावर मिनिटाला दोन-तीन छोट्या लाटा उमटतात. जणू जनावर गेले तरी मूत्राशयाला अजून कुणी कळवलेले नाही. आता बाथमध्ये पिनासिडिल सोडले, की एक-दोन मिनिटांत लाटा बुटक्या होतात, विरळ होतात आणि रेषा सपाट होते. ग्लिबेनक्लामाइड घातले की लाटा परत येतात. सपाट रेषेवर असतानाच कार्बाकॉल, म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीनसारखे वागणारे औषध, दिले तर पट्टी पुन्हा दमदार आवळते.

या शेवटच्या निरीक्षणापाशी जरा थांबायला हवे. लघवी करताना जे मोठे, एकसंध आकुंचन होते ते मज्जातंतूतून सुटणाऱ्या अ‍ॅसिटिलकोलीनमुळे होते. ते पेशीवरच्या एम-३ ग्राहकावर (रिसेप्टरवर) बसून पेशीच्या आतली यंत्रणा कॅल्शियमला अधिक संवेदनशील करते, त्यामुळे ते व्होल्टेजवर पूर्णपणे अवलंबून नसते. अधूनमधून उठणाऱ्या आपोआपच्या लाटा मात्र जवळजवळ सर्वस्वी विजेच्या उसळ्यांवर चालतात. म्हणून पोटॅशियम चॅनेल उघडणारे औषध लाटा पुसते आणि मोठे आकुंचन बरेचसे शिल्लक ठेवते. मूत्राशयावर काम करणाऱ्याला याहून मोहक गोष्ट दुसरी नाही: घाई थांबवायची आणि लघवी मात्र नीट होऊ द्यायची. टॉल्टेरोडिन, ऑक्सिब्युटिनिन ही जुनी औषधे नेमके ते मोठे आकुंचनच कमजोर करतात, वर तोंड कोरडे पाडतात.

औषध खरोखर पोटॅशियमच्याच वाटेने काम करते आहे की आणखी कुठल्या, हे ओळखण्याची एक जुनी आणि देखणी चाचणी आहे. द्रावणात पोटॅशियम क्लोराइड २० मिलिमोलपर्यंत वाढवून पट्टी आवळायला लावली आणि मग पिनासिडिल दिले, तर पट्टी सैल होते. पोटॅशियम ८० मिलिमोल करून आवळली आणि तेच औषध दिले, तर पट्टी ढिम्म हलत नाही. कारण सरळ आहे. चॅनेल उघडले की पेशी पोटॅशियमच्या समतोल व्होल्टेजकडे सरकते, एवढेच औषधाच्या हातात असते. बाहेर २० मिलिमोल असताना तो समतोल उणे ५२ ला असतो, म्हणजे धोक्याच्या रेषेखाली. ८० असताना तो उणे १५ ला असतो, म्हणजे रेषेच्या वर. दार कितीही उघडले तरी पलीकडेच पाणी चढलेले असेल तर विसर्ग होणार कुठून? निफेडिपिनसारखे कॅल्शियम चॅनेल अडवणारे औषध मात्र दोन्ही वेळेला पट्टी सैल करते. मी विद्यार्थ्यांना ही चाचणी करायला लावत असे आणि समतोल व्होल्टेजचे गणित फळ्यावर नंतर मांडत असे. उलट क्रमाने केले तर गणित लक्षात राहते आणि पट्टी विसरली जाते. एकदा भारनियमनात वॉटर बाथ थंड पडला, लाटा विरळ झाल्या आणि एका विद्यार्थ्याने तो औषधाचा उत्तम परिणाम म्हणून वहीत नोंदवला. तेव्हापासून प्रत्येक आलेखाच्या कोपऱ्यात तापमान लिहायची सक्ती केली.

के-एटीपी हे एकच दार नाही. डेट्रुसरमध्ये रोजचा विसर्ग सांभाळणारे खरे मोठे दार बीके नावाचे आहे. व्होल्टेज चढले आणि आत कॅल्शियम वाढले की ते उघडते, म्हणजे उसळीबरोबरच तिला खाली ओढणारा हातही येतो. त्याच्यासोबत एसके नावाचे लहान दार उसळीनंतरची शांतता लांबवते आणि पुढची उसळी पुढे ढकलते. गिनीपिगच्या पेशीवर बीके अडवले तर उसळी रुंद आणि उंच होते. एसके अडवले तर दोन उसळ्यांमधला खोलगट भाग नाहीसा होतो. पट्टीवर दोन्हींचा परिणाम एकच, लाटा जोरकस होतात. बीकेचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांमध्ये अतिक्रियाशील मूत्राशय आणि लघवी सुटणे दिसले, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले.

एसके अडवणारे अपामिन मधमाशीच्या विषातून मिळते. बीके अडवणाऱ्या आयबेरिओटॉक्सिनचा उगम मात्र आपल्या दारातला आहे: ते भारतीय लाल विंचवाच्या विषातून १९९० मध्ये वेगळे केले गेले. जत, आटपाडी, माणच्या माळावर दगड उलटला की जो भेटतो तोच हा विंचू. त्याच्या दंशाने माणूस दगावतो तो आयबेरिओटॉक्सिनमुळे नव्हे; त्याच विषातले इतर घटक सोडियम चॅनेल उघडे ठेवतात, शरीरात अ‍ॅड्रेनॅलिनचा पूर येतो आणि हृदय कोलमडते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी या पुराला प्राझोसिनने बांध घालता येतो हे दाखवून कोकणातले मृत्यू रोखले. प्रोस्टेटसाठी आपण जे टॅमसुलोसिन देता, ते या प्राझोसिनचेच धाकटे भावंड. हे विषयांतर झाले, पण जगभरच्या प्रयोगशाळांत मूत्राशयाचे चॅनेल ओळखायला जे विष वापरतात ते आपल्या माळावरचे आहे, ही गोष्ट मला सांगितल्यावाचून राहवत नाही.

आता तिसरा प्रश्न, इतके छान औषध बाजारात का नाही. याचे उत्तर पट्टीच्या बाथमध्ये नाही, कारण बाथमध्ये रक्तदाब नसतो. मूत्राशयाच्या स्नायूतील के-एटीपी चॅनेलला सल्फोनिलयुरिया ग्राहकाचा जो भाग जोडलेला असतो, तो एसयूआर-२बी, रक्तवाहिन्यांच्या स्नायूतही तोच असतो. त्यामुळे तोंडाने घेतलेली गोळी मूत्राशयापर्यंत पोचून लाटा पुसण्याइतकी होण्याआधीच धमन्या सैल झालेल्या असतात. पिनासिडिल मुळात रक्तदाबाचे औषध म्हणूनच विकसित झाले होते. स्वीडनमधील लुंड येथील गटाने ते मूत्रमार्गात अडथळा आणि अस्थिर मूत्राशय असलेल्या पुरुषांना देऊन पाहिले आणि १९९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: रक्तदाब उतरला, मूत्राशयाची तक्रार होती तशीच राहिली. पुढे मूत्राशयालाच अधिक लागू पडतील असे रेणू शोधले गेले. त्यांतले झेडडी-०९४७ हे औषध अतिक्रियाशील मूत्राशयाच्या रुग्णांवर तपासले गेले आणि २००६ मध्ये आलेल्या निष्कर्षात ते प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा, सरस ठरले नाही.

रक्तदाब हे एक कारण झाले. दुसरे कारण मला रुग्ण पाहू लागल्यावर पटले. घाई ही स्नायूत घडत नाही, ती जाणवते. जाणीव वाहून नेणारे तंतू, मूत्राशयाचे अस्तर आणि मेंदू हे तिघेही तिच्यात भागीदार असतात. ऑक्सफर्डच्या अ‍ॅलिसन ब्रॅडिंग यांनी १९९७ मध्ये मांडले की अडथळ्यामुळे स्नायूतील काही मज्जातंतू नष्ट होतात, उरलेल्या पेशी अधिक चिडखोर होतात आणि एकमेकींना अधिक घट्ट जोडल्या जाऊन एकीची उसळी शेजारणीला लागते. हे मत मला आजही बळकट वाटते, पण ते मान्य केले तरी सगळ्या रुग्णांचे दुखणे त्यात बसत नाही. ज्या बाईची घाई सिस्टोमेट्रीत, म्हणजे मूत्राशय भरत आतला दाब मोजण्याच्या तपासणीत, एकही आकुंचन न दाखवता तिला दिवसातून बारा वेळा उठवते, तिच्या स्नायूचे व्होल्टेज दहा मिलिव्होल्टने उतरवून काय साधणार?

अपयशाच्या या यादीत एक उलटा पुरावा मात्र आहे, आणि आपल्या पहिल्या प्रश्नासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा. केव्ही-७ नावाचे चॅनेल, ज्यांना केसीएनक्यू असेही म्हणतात, विश्रांतीच्या व्होल्टेजच्या आसपासच थोडे उघडे असतात आणि उघडले की आपोआप मिटत नाहीत, त्यामुळे पेशीला स्थिर ठेवण्यात त्यांचा वाटा मोठा असतो. ते मेंदूत आहेत, तसेच डेट्रुसरमध्येही आहेत. ते उघडणारे रेटिगाबिन हे औषध मिरगीसाठी २०११ मध्ये अमेरिकेत मान्य झाले, आणि त्याच्या माहितीपत्रकात पहिल्या दिवसापासून लघवी तुंबण्याचा इशारा होता. चाचण्यांतील सुमारे २ टक्के रुग्णांत तो प्रकार दिसला होता. प्रयोगशाळेत रेटिगाबिन मूत्राशयाच्या पट्टीला शांत करते, हे त्याच्याशी जुळणारेच होते. पुढे त्वचा निळसर होणे आणि डोळ्याच्या पडद्यात रंगद्रव्य साचणे, यांमुळे ते औषध वापरातून उतरत गेले आणि २०१७ मध्ये बंद झाले. वेदनेसाठी आपल्याकडेही विकले गेलेले फ्लुपिर्टिन त्याचेच भाऊबंद. यकृताला होणाऱ्या इजेमुळे युरोपने ते २०१८ मध्ये काढून टाकले. तेव्हा पोटॅशियम चॅनेल उघडणारी गोळी माणसाच्या मूत्राशयापर्यंत पोचतच नाही, असे कुणी म्हटले तर ते खरे नाही. कोणता चॅनेल, कुठे कुठे आहे आणि कोणत्या मात्रेला उघडतो, यावर सगळे ठरते.

जे दार गोळीने थेट उघडता आले नाही, ते आडवाटेने थोडेफार उघडले गेले आहे. घाईवरचे मिराबेग्रॉन आपल्या दुकानात असेलच. ते बीटा-३ ग्राहकावर बसते, पेशीत सायक्लिक एएमपी हा संदेशवाहक रेणू वाढवते आणि स्नायू सैल करते; बीटा ग्राहकामार्फत होणाऱ्या या सैलावण्यात बीके चॅनेल उघडण्याचा भाग असतो, असे पेशींवरील काम दाखवते. जपानमध्ये ते २०११ मध्ये आणि अमेरिकेत २०१२ मध्ये आले. दुसरी वाट त्याहून धाडसी आहे: बीके चॅनेलचे मानवी जनुक उघड्या डीएनएच्या रूपात मूत्राशयाच्या भिंतीत टोचायचे, म्हणजे चॅनेल उघडणारे औषध देण्याऐवजी दारांची संख्याच वाढवायची. घाईमुळे लघवी सुटणाऱ्या स्त्रियांवर त्याच्या छोट्या चाचण्या झाल्या आहेत. औषध मूत्राशयातच राहते, रक्तदाबाचा प्रश्न उरत नाही, म्हणून कल्पना मला आवडते; पण आज ओपीडीत सांगण्याजोगे त्यातून काही आलेले नाही.

वडिलांकडे वळतो. नेहमीच्या मात्रेतील नायकोरँडिलमुळे लघवी तुंबल्याचा रुग्ण मी आजवर पाहिलेला नाही आणि या औषधाच्या परिचित दुष्परिणामांतही तो बसत नाही. डोकेदुखी, चक्कर, आणि लक्षात ठेवण्याजोगे म्हणजे तोंडात किंवा गुदद्वारापाशी चिवट व्रण, हे त्याचे दुष्परिणाम. नायकोरँडिल बंद करून मूत्राशय सुधारेल या आशेने ते कुणी परस्पर बंद केले, तर मिळेल काही नाही आणि छातीत दुखणे मात्र परत येईल. ग्लिमेपिराइडचेही तसेच. पट्टीवर ग्लिबेनक्लामाइड जे करते ते मायक्रोमोलच्या मात्रेला, तेही आधी चॅनेल उघडलेले असताना. रक्तात ही औषधे ९८ टक्क्यांहून अधिक प्रथिनांना चिकटलेली असतात आणि मोकळे औषध फारच थोडे उरते. त्याने मूत्राशय चिडल्याचे मी मानत नाही. मधुमेह स्वतः मात्र मूत्राशयाच्या तंतूंचे नुकसान करतो, आणि ती शंका वडिलांबाबत मनात ठेवली पाहिजे.

माझा खरा संशय डापाग्लिफ्लोझिनवर आहे. ते साखर लघवीवाटे बाहेर टाकते आणि साखरेबरोबर पाणी जाते, म्हणजे मूत्राशयाचा स्नायू कितीही शहाणा असला तरी त्याला जास्त भार वाहावा लागतो. वाढलेल्या प्रोस्टेटमुळे आधीच काठावर असलेला माणूस तेवढ्याने रात्री चार वेळा उठू शकतो. ते औषध हृदयासाठीही गुणकारी असल्याने परस्पर बंद करण्याचे नाही. सकाळी घेतात की रात्री, एवढे आधी पाहावे आणि रात्री घेत असतील तर सकाळी घेण्याबाबत त्यांच्या डॉक्टरांशी बोलावे. जोडीला अ‍ॅम्लोडिपिन असेल तर संध्याकाळी पायांवर सूज दिसते का ते पाहावे, कारण दिवसा पायांत साचलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परतते आणि रात्री लघवीवाटे निघते. टॅमसुलोसिन द्यायचे ठरले तर ते रात्री, जेवणानंतर, आणि पहिले काही दिवस अंथरुणातून उठताना मिनिटभर कडेला बसून मग उभे राहायचे, कारण नायकोरँडिलनेही रक्तदाब थोडा उतरलेला असतो.

आणि दुकानदार म्हणून आपल्या हातात असलेली एक गोष्ट: प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अचानक अडकण्यामागे मी ज्या औषधाला सर्वांत जास्त वेळा पकडले आहे, ती सर्दीची साधी गोळी आहे. तिच्यातले क्लोरफेनिरामिन डेट्रुसरचे मोठे आकुंचन कमजोर करते आणि नाक मोकळे करणारा घटक मूत्राशयाचे तोंड आवळतो. थंडीत, द्राक्षांच्या हंगामात बागेत रात्र काढून आलेला साठीतला माणूस दुकानातून चार गोळ्या नेतो आणि दुसऱ्या पहाटे कॅथेटर घालायला माझ्याकडे येतो. वडिलांनाही ती देऊ नये.

भेटीला येताना तीन दिवसांची नोंद आणावी: प्रत्येक वेळेची लघवी मापाच्या भांड्यात मोजून, वेळेसकट, रात्रीचीही, आणि प्यायलेले पाणी, चहा, ताक असेल ते सगळे. सोनोग्राफी पुन्हा करायची झाल्यास लघवी केल्यानंतर मूत्राशयात किती उरते हे मोजायला आवर्जून सांगावे. पहिल्या अहवालात ते लिहिलेले आहे की नाही, हे आपल्या पत्रावरून कळत नाही. तो आकडा मोठा असेल तर घाईवरचे कुठलेही औषध, मिराबेग्रॉनसुद्धा, मी आधी थांबवून ठेवीन.